गावची गोष्ट आणि इंग्रजीचं पहिलं वाचन

नंदुरबारहून दोंडाईच्याच्या दिशेने निघालं की रनाळे लागतं. या पट्ट्यात घरोघर अहिराणी चालते, काही वस्त्यांत गुजरी, काहींत भिलोरी. मूल शाळेत आलं की पुस्तकातली मराठी त्याला नव्याने शिकावी लागते आणि त्याच वर्षी, त्याच पहिलीच्या वर्गात, इंग्रजीही समोर येते. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर ती पाचवीत भेटत असे. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो आता मागे पडला आहे, कारण आज खेड्यातसुद्धा इंग्रजी नको म्हणणारा पालक क्वचितच भेटेल. उरला आहे तो दुसरा प्रश्न. इतकी वर्षं शिकवूनही मुलं इंग्रजी वाचत का नाहीत? 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांनाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. आठवीत हे प्रमाण ४६.७ टक्के होतं.

याची कारणं अनेक आहेत. शिक्षकांची स्वतःची तयारी, घरात कानावर न पडणारी इंग्रजी, ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची मध्येच सुटणारी शाळा. या सगळ्याचा विचार इथे करत नाही. एकाच उपायाचा आढावा घ्यायचा आहे, कारण तो गावाच्या हातातला आहे: मुलांना इंग्रजीत वाचायला आपल्याच परिसरातल्या लोककथा द्याव्यात का, आणि द्यायच्या तर कशा? माझं मत आधीच सांगून टाकतो. द्याव्यात, आणि लवकर द्याव्यात. मात्र गोष्ट गावची आहे एवढ्यावर वाचन होत नाही. ती घरच्या भाषेत आधी ऐकलेली हवी, तिचं इंग्रजी मुलाच्या पायरीचं हवं, आणि अशा गोष्टी एक-दोन नव्हे, ढिगाने हव्यात.

मराठी आणि इंग्रजीतली गोष्टींची ये-जा जुनी आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या काळात, १८०६ साली, सख्खण पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. पुस्तकाचं नाव 'बालबोध मुक्तावली'. पुढे १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' आली आणि शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इसापच्या कोल्ह्या-लांडग्यांवर वाचायला शिकल्या. आपल्या गोष्टी इंग्रजीत जायला १८६८ साल उजाडलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक काढलं. त्यातल्या गोष्टी सांगितल्या होत्या तिच्या आयाने, ॲना लिबराता डिसूझा हिने, आणि ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. पुस्तकाच्या आरंभी ॲनाची स्वतःची हकीकतही छापली आहे. सांगणाऱ्या बाईचं नाव आणि आयुष्य गोष्टींइतक्याच मानाने छापावं हे त्या काळात फार कमी लोकांना सुचलं, म्हणून मला हे पुस्तक मोलाचं वाटतं. १९१४ साली चार्ल्स किंकेड यांनी 'डेक्कन नर्सरी टेल्स'मध्ये आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. चित्रं होती म. वि. धुरंधरांची. आटपाट नगर तिथे 'आटपाट' नावाचं गावच होऊन गेलं.

ही दोन्ही पुस्तकं साहेबांच्या मुलांसाठी होती. त्यातली लांबलचक वाक्यं रनाळ्याच्या चौथीतल्या मुलीला पेलणार नाहीत, आणि ती तिच्यासाठी लिहिलेलीही नव्हती. पण त्याच काळातला तिसरा प्रयत्न आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळ येतो. नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी ज्यांना गोळी घातली ते कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींचे अभ्यासक होते. त्यांनी प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागवली होती. पुढे एन्थोवेन यांनी ती गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत छापली. नोंदीखाली 'अमुक गावचे स्कूल मास्तर' असा उल्लेख दिसतो. गावातलं तोंडी भांडार कागदावर आणायला शाळेचा शिक्षक हाच योग्य माणूस, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे. त्या दोन भागांत खानदेश मात्र आला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०७ च्या खंडात भिली आणि खानदेशी बोली आल्या, पण तिथे प्रत्येक भाषेचा ठरलेला नमुना होता बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट. बोली आपली, गोष्ट परक्याची.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. ओळखीची गोष्ट परभाषेतही सोपी जाते असं शिक्षकांना वाटतंच. ते तपासलं गेलं आहे का? गेलं आहे, आणि बऱ्यापैकी नेमकेपणाने.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने पुनःपुन्हा आठवून लिहायला सांगितली. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात निष्कर्ष आहेत. वाचकांनी परकी गोष्ट नकळत आपल्या सवयीची करून टाकली होती. जे त्यांच्या जगात बसत नव्हतं ते गळलं किंवा बदललं. भाषा त्यांची स्वतःचीच होती, तरी हे झालं. १९७९ साली मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं दिली. एकात भारतीय लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचं. आपल्याकडच्या लग्नाचं पत्र दोन्ही गटांनी जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. दुसऱ्या पत्रात अर्थाचे गोंधळ झाले. आपल्या विषयाला सगळ्यांत जवळचा आहे तो पॅट्रिशिया जॉन्सन यांचा १९८१ चा अभ्यास. अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांना त्यांनी मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट दिली आणि अमेरिकन बफेलो बिलची. दोन्ही गोष्टी काहींना मूळ अवघड इंग्रजीत, काहींना सोप्या करून. गोष्ट किती कळली हे ठरवण्यात भाषेच्या अवघडपणापेक्षा ती कुठली आहे याचा प्रभाव जास्त दिसला.

शिक्षकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. वाक्यं कापून-छाटून सोपी करण्यात आपण जेवढा जीव घालवतो, त्यातला थोडा गोष्ट निवडण्यात घालवला तर जास्त पदरात पडेल. पण हे सगळे वाचक प्रौढ होते, त्यांना इंग्रजीची अक्षरं आणि बरीचशी वाक्यं येत होती. रनाळ्याच्या तिसरीतल्या मुलाला 'द' आणि 'धिस' यांतच अडखळायला होतं. त्याच्या बाबतीत ओळखीची गोष्ट अर्थाचा अर्धा भार उचलेल. अक्षरांचा भार तरीही त्यालाच उचलायचा आहे. लोककथेच्या उत्साहात हे विसरलं जातं आणि मग मुलं चित्र पाहून गोष्ट अहिराणीत सांगतात, आपण समजतो की इंग्रजी वाचलं.

मुलांवरचा जो मोठा प्रयोग झाला त्यातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती लोककथेच्या बाजूने सरळ उभी राहत नाही. फिजीमधल्या खेड्यांतल्या शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना भरपूर चित्रं असलेली इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तकं दिली. १९८३ मध्ये छापलेल्या अहवालानुसार आठ महिन्यांत या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. ती पुस्तकं फिजीच्या लोककथा नव्हत्या. पुस्तकं रंजक होती, भरपूर होती आणि रोज हातात पडत होती. गावच्या पाच गोष्टी आणि वर्षभर तेच पाच कागद, यापेक्षा परकी पन्नास पुस्तकं बरी, असाच याचा अर्थ. मला तो मान्य आहे. म्हणूनच गावच्या गोष्टीने दार उघडावं आणि मागून ढीगभर पुस्तकांनी आत यावं, एवढीच माझी मागणी आहे. बंगालमध्ये मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात शालेय वाचनपुस्तकांतला नेमका दोष दाखवला होता: प्रत्येक पानावर नवे शब्द कोंबायचे आणि जुने पुन्हा भेटूच द्यायचे नाहीत. ते दुखणं आपल्याकडे अजून आहे.

इथे लोककथेच्या अंगची एक देणगी कामी येते. ती पुनरुक्तीवर उभी असते. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो. तो पुनःपुन्हा दार उघड म्हणतो. ती दर वेळी पिल्लाचं नवं काम सांगते. इंग्रजीत हे मांडलं तर कावळ्याचं एकच वाक्य पाच-सहा वेळा येतं, 'ओपन द डोअर', आणि चिमणीची उत्तरं 'वेट, आय ॲम वॉशिंग माय बेबी', 'आय ॲम फीडिंग माय बेबी' अशी एकाच घडणीची. चालू वर्तमानकाळाचा इतका सहज सराव कोणतंही व्याकरणाचं पान देणार नाही. शिवाय अहिराणीत 'करी राह्यना' हे रूप रोजच्या बोलण्यात असतं. काम आत्ता चालू आहे, हा अर्थ अहिराणी मुलाच्या जिभेवर आधीच बसलेला आहे. शिक्षकाने त्याकडे फक्त बोट दाखवायचं. तसंच भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीचं, म्हणजे इकडच्या डोकरीचं. जाताना कोल्हा, वाघ, जो भेटेल त्याला ती एकच विनवणी करते: लेकीकडे जाऊ दे, चांगलंचुंगलं खाऊन येते, मग मला खा. 'लेट मी गो' आणि 'आय विल कम बॅक' ही दोन वाक्यं वर्गाच्या तोंडी कायमची बसायला ही एक गोष्ट पुरते. पुढे काय होणार हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे नवा शब्द त्याला अंदाजाने लागतो. अंदाज खरा ठरला की ते पुढचं वाक्य वाचतं.

ही भोपळ्याची गोष्ट बंगालमध्येही आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० च्या 'टुनटुनीर बई'त तिची बहीण सापडते. म्हणजे 'स्थानिक' याचा अर्थ फक्त आपल्याच गावात जन्मलेली असा घेऊ नये. मुलाने घरात ऐकलेली, एवढा अर्थ पुरे.

आणि घर कुणाचं? हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात टाळता येत नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात जवळपास सत्तर टक्के आदिवासी. सातपुड्यात पावरी, पश्चिमेला मावची, ठिकठिकाणी भिलोरी, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. जनगणनेत खानदेशी बोलणारे देशभरात सुमारे १८ लाख ६० हजार आणि भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीच्या वर नोंदले गेले. रनाळ्यासारख्या गावातल्या एका वर्गात यांपैकी दोन-तीन भाषा एकाच बाकावर बसलेल्या असू शकतात. कानबाईच्या रोटांची गोष्ट एकाच्या घरची, अस्तंब्याच्या डोंगरावर जखमेसाठी तेल मागणाऱ्या अश्वत्थाम्याची दुसऱ्याच्या, देवमोगऱ्याच्या याहा मोगीची तिसऱ्याच्या. गावातल्या मोठ्या समाजाच्या गोष्टी तेवढ्या 'आपल्या' म्हणून छापल्या तर बाकीच्या मुलांना त्या बालभारतीच्या धड्याइतक्याच लांबच्या. उलट, सपाटीवरच्या काही गोष्टींत वाटमाऱ्या किंवा मूर्ख म्हणून एखाद्या जमातीचं नावच घेतलं जातं, आणि त्या जमातीचं मूल वर्गात बसलेलं असतं. अशी गोष्ट कितीही जुनी असो, वर्गात आणू नये. सवती, नावडती राणी, छळणारी सासू यांच्याबाबत मी इतका कडक नाही. मुलांना दुष्टपणा कळतो, त्याचा शेवटही कळतो. माणसाच्या जातीला नाव ठेवणारी गोष्ट मात्र नकोच.

दुसरी सावधगिरी पवित्र गोष्टींची. याहा मोगी आणि राजा पांठा यांच्या कथा या केवळ करमणुकीच्या गोष्टी नव्हेत. त्या पूजेत, रात्ररात्र गायल्या जाणाऱ्या गाथा आहेत. त्यांचं दहा वाक्यांचं इंग्रजी वाचनपत्र करण्याआधी गावातल्या जाणत्या माणसांना विचारलं पाहिजे. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. कोल्ह्याच्या, माकडाच्या, भोळ्या जावयाच्या गोष्टी भरपूर आहेत.

हे काम कुणी केलंच नाही असं नाही. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत नर्मदेकाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा चालल्या. तिथे मुलाच्या घरची भाषा, तिथलीच गाणी आणि गोष्टी यांतून शिक्षण सुरू करायचं, मग मराठीकडे जायचं, हा क्रम होता. इंग्रजीसाठीही मला हाच क्रम बरोबर वाटतो: घरची बोली, मग मराठी, मग इंग्रजी, गोष्ट मात्र तीच. गणेश देवी यांनी १९९६ साली बडोद्यात सुरू केलेल्या 'भाषा' संस्थेने 'ढोल' हे नियतकालिक वेगवेगळ्या आदिवासी आणि लोकभाषांतून काढलं. त्याच्या अहिराणी अंकांचं संपादन सुधीर देवरे यांनी केलं. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला. अहिराणी लोकसाहित्याचे अभ्यास झाले, संमेलनं झाली. साहित्य जमलेलं आहे. ते विद्यापीठाच्या आणि अभ्यासकांच्या कपाटात आहे, पाचवीच्या वर्गात पोचलेलं नाही, आणि इंग्रजीच्या तासाला तर नाहीच.

बाहेरचे दोन नमुने पाहण्यासारखे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या 'सैडे' संस्थेच्या 'आफ्रिकन स्टोरीबुक' उपक्रमाने गावोगावच्या गोष्टी छोट्या सचित्र पुस्तकांत आणल्या. एकच गोष्ट स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत, मोफत, हवी तशी छापून घ्यायची मुभा. आपल्याकडे 'प्रथम बुक्स'ने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. तिथली पुस्तकं वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेली असतात आणि कुणीही शिक्षक त्यांचं भाषांतर करू शकतो, चित्रं वापरून स्वतःची गोष्ट लिहू शकतो. पाच-सात ओळींची गोष्ट कशी मांडावी, पानावर किती शब्द असावेत, चित्राने कुठे बोलावं, हे तिथे शिकायला मिळतं. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या २०१६ च्या 'तेजस' उपक्रमात प्राथमिक शिक्षक गटागटाने भेटून इंग्रजी शिकवण्याची चर्चा करत. शाळांच्या केंद्र पातळीवर अशा भेटी चालू ठेवल्या तर गोष्टी लिहायला आणि तपासायला जागा तयारच आहे.

तपासणीवर माझा भर आहे. शिक्षकाने मनापासून लिहिलेल्या गोष्टीत इंग्रजीची चूक राहिली तर ती चाळीस मुलांच्या तोंडी कायमची बसते, कारण पुनरुक्ती चुकीचीही होते. म्हणून प्रत्येक गोष्ट चांगली इंग्रजी येणाऱ्या निदान एका माणसाच्या नजरेखालून जावी. भाकर, डोकरी, रोट असे शब्द इंग्रजीत तसेच राहू द्यावेत. मुलाला त्यांचा अर्थ शोधावा लागत नाही, तेवढी वाक्यं मोकळी होतात. गोष्ट आटपशीर असावी, पण तिचा कणा मोडू नये: तीनदा विचारणं असेल तर तीनदाच विचारावं. शेवटी 'तात्पर्य' चिकटवण्याची सवय इसापपासून आपल्याला लागली आहे. लोककथेला ती बऱ्याचदा नसते, आणि वाचनाच्या तासाला तिची गरजही नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र इंग्रजीची नाही. आपण गृहीत धरतो की या गोष्टी मुलांना माहीत आहेत. बऱ्याच मुलांना त्या माहीत नाहीत. संध्याकाळी हातात मोबाइल असतो, आजी दुसऱ्या गावी असते, आई-बाप तोडीवर. गोष्ट माहीतच नसेल तर जॉन्सन यांच्या अभ्यासातला सगळा फायदा संपतो. मग चिमणी-कावळा आणि बफेलो बिल सारखेच. म्हणून इंग्रजीच्या आधी ऐकण्याचा तास हवा. गावातली एखादी आजी, एखादा भगत, शाळेतल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकीणबाई यांनी वर्गात येऊन आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. मुलांनी ती घरी जाऊन पुन्हा सांगावी. आठवड्याने तीच मराठीत लिहावी. मग इंग्रजी. हे वेळखाऊ आहे, हे मला मान्य आहे. पण इंग्रजीचा तास म्हणून आज जे होतं, म्हणजे शिक्षक वाचतात, वर्ग मागून म्हणतो आणि अर्थ फळ्यावर मराठीत लिहिला जातो, तेही वेळखाऊच आहे आणि पाचवीच्या चार मुलांपैकी तिघांना त्यातून एक साधं वाक्य वाचता येत नाही.

रनाळे आणि भोवतालच्या शाळांतल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकून यावी, सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहून आणावं. शाळेने त्यातल्या दहा निवडाव्यात, वर्गातल्या प्रत्येक भाषेची निदान एक. नंदुरबारच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यांचं इंग्रजी तपासून द्यावं आणि सांगणाऱ्याच्या नावासकट त्या छापाव्यात. त्यासोबत शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकंही बाहेर काढावीत. दहा गोष्टी वाचून झालेल्या मुलाला अकरावी कुठलीही चालते.